पाच खाने आणि बाबांची जागा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. हे सांगितलं की काहींना बढाई वाटते. वाटू द्या, बढाईच आहे. आजोबांचा जन्म हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेला, बाबांचा मिलच्या साच्यांमध्ये, म्हणजे यंत्रमागांमध्ये, उभं राहून, आणि मी बी.कॉम. झालो. त्यानंतर जी परीक्षा द्यायला मी निघालो तिचं नाव आमच्या वस्तीत कोणाच्या जिभेवर बसत नव्हतं. मॅनेजमेंटच्या मोठ्या कॉलेजात घेण्यासाठी होणारी ती चाचणी. आई शेजारणींना तिच्या भाषेत सांगायची, "साहेब व्हाची परीक्षा आहे वं. पयले पेपर द्या लागते, मंग साहेब बनवते." याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं.

पण त्या वर्षी आमच्या घरात माझ्या परीक्षेहून मोठा प्रश्न होता. बाबांनी आपली जागा धाकट्याला द्यायची की नाही.

'जागा' म्हणजे मिलमधली कायम नोकरी. आमच्याकडे ती शेतासारखी धरायचे. बाप उतरला की पोरगा त्याच साच्यावर चढायचा. मिलच्या क्वार्टरांमध्ये लग्नं जागेवर ठरायची. "पोराले जागा आहे" एवढं म्हटलं की मुलीकडचे पुढचं विचारत नसत, पोरगा काळा की गोरा हेसुद्धा. माझा धाकटा भाऊ मॅट्रिकला अडकला आणि तिथेच थांबला. पुस्तकाचं आणि त्याचं कधी जमलं नाही, पण हात चांगला होता. मी शिकायचं आणि जागा त्याची, हे आम्ही दोघं लहान होतो तेव्हाच ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, आठवत नाही. भांडण मात्र त्यावरून कधी झालं नव्हतं. ते त्या वर्षी झालं, आणि त्याला कारण माझी तयारी.

तयारी मी एका मित्राबरोबर करायचो. तो महाल भागातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी आणि वकिली. त्याने मुंबईहून पोस्टाने येणारे धडे लावले होते. धडे त्याच्या नावावर यायचे, सोडवायचो आम्ही दोघं, सीताबर्डीच्या एका वाचनालयात, पंख्याखालचं टेबल धरून. उत्तरांचा एकच कागद मुंबईला जायचा आणि पुढच्या महिन्यात लाल पेन्सिलीने तपासून परत यायचा.

गणित मला जड नव्हतं. इंग्रजी जड होतं, पण डिक्शनरी जवळ ठेवून ठेवून ते मऊ झालं. अडला तो तिसराच भाग. त्यात एखाद्या धंद्याची हकिगत दिलेली असायची. कोणी मालक किंवा मॅनेजर पेचात सापडलाय, काय करावं याचा विचार करतोय. त्याखाली हकिगतीतल्या एकेका गोष्टीचा उल्लेख आणि पाच खाने. ही गोष्ट त्या माणसाचा मूळ हेतू आहे, मोठा मुद्दा आहे, लहान मुद्दा आहे, त्याने गृहीत धरलेली आहे, की निर्णयाशी तिचा काही संबंधच नाही? एवढंच ठरवायचं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते कोणी विचारत नव्हतं. खुर्चीवर बसलेल्याला काय वाटेल ते ओळखायचं.

पावसाळ्यात एक धडा आला त्यात जुन्या कापडमिलची हकिगत होती. गाव कुठलं ते दिलं नव्हतं. साचे जुने, माल पडून, मिलची जमीन मात्र शहराच्या मधोमध. मॅनेजरपुढे प्रश्न, नवे साचे घ्यायचे की टाळं लावायचं. मी तो धडा वाचायला घेतला तेव्हा मला मजा वाटली. पहिल्यांदाच अशी हकिगत आली होती की जिच्यातल्या शब्दांसाठी डिक्शनरी लागली नाही. ताणा, धोटा, बॉबिन, यातलं सगळं मला ठाऊक. मी भराभर खुणा केल्या. मग एक ओळ आली, मिलच्या क्वार्टरांमध्ये राहणारी कामगारांची कुटुंबं.

"मोठा मुद्दा," मी म्हटलं.

"लहान," मित्र म्हणाला. "खरं तर पाचवा खाना. संबंध नाही."

"अबे, माणसं आहेत ती."

"माणसं आहेत हे मलाही दिसतंय यार. पण हकिगत बघ. मॅनेजर त्यांच्याबद्दल काय म्हणतो? एकदाच नाव आलंय त्यांचं, तेही जमिनीच्या वाक्यात."

त्याचं बरोबर होतं. वाक्य असं होतं की जमीन चांगली आहे, फक्त क्वार्टरं रिकामी करायला थोडा वेळ जाईल. तरी मी हट्टाला पेटलो. टेबलावरच्या म्हाताऱ्या वाचकांनी 'शूऽऽ' केलं. शेवटी मित्राने वैतागून माझी खूण राहू दिली. पुढच्या महिन्यात कागद परत आला. त्या ओळीवर लाल फुली होती आणि बाजूला तपासनिसाने लिहिलं होतं, वाचताना तुमची दया बाजूला ठेवा, निर्णय घेणाऱ्याच्या जागी बसा.

"बस त्याच्या जागी," मित्र म्हणाला. "तुझ्यापायी मार्क गेला माझा."

मी बसलो. मला एखादी गोष्ट शिकायला वेळ लागत नाही. पुढच्या धड्यांत तपासनिसाची पेन्सिल त्या भागात फिरकली नाही.

पोळा झाला, गणपती झाले, आणि एका संध्याकाळी बाबा मिलमधून आले ते दारातूनच हाक मारत. एरवी ते पाणी प्यायल्याशिवाय बोलत नसत.

"कुठी आहे धाकटा? बोलवा त्याले."

मिलच्या ऑफिसात त्या वर्षी एक तरणा साहेब आला होता. मी देणार होतो तसलीच परीक्षा देऊन, तसल्याच कॉलेजातून शिकून आलेला. त्याच्याबद्दल बाबांनी सांगितलं होतं तेव्हाच तर माझ्या मनाने घेतलं होतं की हा माझ्याएवढा पोरगा खुर्चीवर बसतो, तर मी का नाही. त्या दिवशी पाळी सुटताना तो साहेब गेटजवळ स्टुलावर उभा राहिला आणि त्याने नवी योजना समजावून सांगितली. ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे त्यांनी दिवाळीच्या आत स्वखुशीने उतरावं. त्यांच्या एका मुलाला मिल लगेच घेईल.

"सोता सांगितलं त्यानं," बाबा म्हणाले. "हात जोडून म्हने, तुम्ही जुने लोक, तुमचा मान राहिला पायजे."

धाकटा चहाची कपबशी तशीच ठेवून बाहेर पळाला, दोस्तांना सांगायला. आई देवापाशी साखर ठेवायला उठली.

"घेतील म्हणजे कायम घेतील?" मी विचारलं.

"सुरुवातीले बदली म्हनून. मंग कायम."

बदली कामगार म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत, नसला तर डबा घेऊन परत.

"मंग म्हणजे केव्हा?"

"होईन न गा. मीबी बदलीच होतो. माह्या बापानं काय मले सायब म्हनून चिटकवलं?"

मला तो मिलचा धडा आठवला. टाळं लावायचं झालं तर पहिलं पाऊल म्हणून त्या हकिगतीतल्या मॅनेजरने जे योजलं होतं ते हेच, कायम माणसं आधी कमी करायची. कायम माणसाला काढणं कठीण, बदलीवाल्याला काढावंच लागत नाही, त्याला फक्त आत बोलवायचं नाही. 'कायम कामगारांची संख्या' अशी ओळ खाली होती. मी मोठा मुद्दा म्हणून खूण केली होती आणि ती बरोबर आली होती.

दुसऱ्या दिवशी मित्राला सांगितलं. तो एरवी कशाचीही थट्टा करायचा. त्या दिवशी त्याने धडा काढून तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि म्हणाला, "तुझे बाबा कायम आहेत ना? मग त्यांना हलू देऊ नको."

घरी मी विषय काढला तो बाबा जेवून हात धूत असताना. त्यांनी मला बोलू दिलं. मी धड्याचं, खान्यांचं, जमिनीचं सगळं सांगितलं.

"तू कागदावर मिल चालवून राहिला," ते म्हणाले. "मी साच्यावर चालवतो. ही मिल लई खेपा बंद पडली, लई खेपा सुरू झाली. तू पाळण्यात होता तवा बंद होती. कोनी मेलं?"

"तेव्हा तुम्हाला उतरा म्हणून कोणी सांगितलं होतं का?"

त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं. "खंडेनवमीले चाल माह्यासंगं. डोळ्यानं पाह्य, मंग बोल."

खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे. लहानपणी आम्ही नवे कपडे घालून जायचो. मी मात्र कॉलेजात गेल्यापासून गेलो नव्हतो. त्या वर्षी सगळे गेलो. आईने नारळ घेतला होता, धाकट्याने झेंडूच्या माळा खांद्यावर टाकल्या होत्या आणि तो सगळ्यांच्या पुढे चालत होता.

विणाई खात्यात शिरलो आणि मला पहिल्यांदा जाणवली ती तिथली झाडलोट. लहानपणी तिथे कापसाचे तंतू हवेत तरंगायचे, केसांवर बसायचे, नाकात जायचे. घरी आल्यावर आई आम्हाला झटकून घ्यायची. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. साच्यांच्या रांगाच्या रांगा झेंडूने मढवलेल्या. बायका कुंकू लावत होत्या, उदबत्तीचा धूर छपराला लागला होता. मी रांगेतून चालत गेलो. पुढचे साचे ठीक होते, त्यांच्यावर सुताचा ताणा चढलेला होता. मागच्या रांगांत गेलो तसा ताणा दिसेना. माळा होत्या, हळदकुंकू होतं, पट्टे नव्हते. एका साच्याचं चाकच काढून नेलेलं होतं आणि त्या मोकळ्या दांड्याला कोणी तरी नीट गाठ मारून माळ बांधली होती. पुढच्या साच्याचा धोट्याचा खण रिकामा. त्यात कोणी पेढा ठेवला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"हे असे का?" मी बाबांना विचारलं.

"नवं सामान आलं नाही अजून. तोवर याचं काढून त्याले लावते."

"आणि याला?"

"सामान आलं का याले लावन."

गोदामाच्या दाराशी कापडाचे गठ्ठे छपरापर्यंत गेले होते. दार लागत नव्हतं म्हणून ओसरीतही रचले होते, आणि ओसरीतल्या गठ्ठ्यांवर कबुतरांनी घाण केली होती. कापसाच्या गाठी जिथे उतरायच्या त्या अंगणात गवत वाढलं होतं. मी हे बघत होतो आणि डोक्यात ओळी येत होत्या, आणि ओळीपुढे खाना. न विकलेला माल, मोठा मुद्दा. सुटे भाग, मोठा मुद्दा. मला थांबवता येत नव्हतं.

बाबांनी आपल्या साच्यापुढे नारळ फोडला. मग धाकट्याला जवळ घेतलं आणि त्याचा हात धरून साच्याच्या मुठीवर ठेवला. "सांग त्याले, मी येतो म्हना." धाकटा खरंच पुटपुटला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तो तरणा साहेब प्रसाद वाटत होता. तो माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवत असताना बाबांनी अभिमानाने सांगितलं, "माहा मोठा पोरगा, साहेब. ग्रॅज्वेट. तुमचीच परीक्षा देऊन राहिला."

त्याने मला निरखून पाहिलं. "वा. केव्हा आहे?"

"डिसेंबरात." मी त्याच्याशी इंग्रजीत बोललो. मुद्दाम. बाबांना कळू नये म्हणूनही आणि मला येतं हे त्याला कळावं म्हणूनही. मी विचारलं, "या मिलचा निर्णय झाला आहे का?"

हातातलं ताट त्याने दुसऱ्या हातात घेतलं. "ते वरच्या ऑफिसात ठरतं. माझी इथली नेमणूक दिवाळीपर्यंतच आहे."

"योजना पूर्ण होईपर्यंत?"

"तुमची तयारी चांगली झालेली दिसते," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

घरी आल्यावर मी बोललो. आवाज चढवून बोललो, कारण हळू बोलून ऐकलं गेलं नव्हतं. तो साहेब दिवाळीला जाणार, त्याला फक्त म्हाताऱ्यांना उतरवायला आणलं आहे, मिल बंद होणार, बाबांनी सही करायची नाही. कायम माणूस शेवटपर्यंत भांडू तरी शकतो, बदलीवाल्याला कोणी विचारत नाही.

धाकटा चपला काढत होता. तो एका पायात चप्पल ठेवूनच उभा राहिला.

"तुले मी साच्यावर पन नाही पायजे काय रे?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मंग काय म्हनाला? तू शिकला, मी चूप. तुह्या फीपायी मले सायकल घेतली नाही, मी चूप. आता माह्या जागेवर बसाचं होतं त म्हने मिल बंद होईन. कवा होईन? तारीख सांग."

"तारीख सांगता येत नाही."

"येत नाही न? मंग कायची परीक्षा देऊन राहिला बे, ज्योतिषाची?"

आई हसली. हसू नये तिथे हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा हसले नाहीत. ते भिंतीला टेकून बसले होते.

"तू म्हनतं ते मले दिसत नाही असं नाही," ते मला म्हणाले. "चाक मीच काढून दिलं, खात्याच्या मुकादमानं सांगितलं म्हनून. पन समज, मी नाही उतरलो. मिल बंद होईन तवा मी घरी, हाबी घरी. उतरलो त हा एक दिवस तरी गेटच्या आत जाईन. पुढे कोनी विचारलं, काय काम येते बापू, त सांगाले होईन, मिलमध्ये होतो. बिनाकामाचा पोरगा कुठी नेऊन दाखवू मी?"

मी म्हटलं, दुसरं काम बघू. ते म्हणाले, "बघ." तेवढंच म्हणाले. मी कुणाला ओळखत नव्हतो. माझी ओळख कॉलेजातल्या मास्तरांशी आणि वाचनालयातल्या म्हाताऱ्यांशी.

दिवाळीच्या आधी त्यांनी सही केली. धाकटा त्यांच्याबरोबर गेला होता. येताना त्याने चिवडा आणला आणि पुडा पहिल्यांदा माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. भांडण तिथे संपलं, म्हणजे बोलणं संपलं.

मग थंडी पडली. धाकटा सकाळी डबा घेऊन जायचा. पहिल्या दिवसांत रोज आत घ्यायचे त्याला. संध्याकाळी आला की केसांत तंतू असायचे आणि ते तो मुद्दाम झटकायचा नाही, चौकातून तसाच फिरून यायचा. लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलगी गोळीबार चौकाकडची, घर विणकराचंच. त्यांनी विचारलं, पोराला जागा आहे का. बाबा म्हणाले, आहे.

मग एखादे दिवशी तो दुपारच्या आत परत यायला लागला. डबा तसाच भरलेला. "आज सगळे हजर होते," तो म्हणायचा. आई तोच डबा त्याला घरी वाढायची. पुढे पुढे तो परत येण्याऐवजी कुठे तरी बसून तिथेच खाऊन यायचा, आणि घरी सांगायचा की काम होतं. केसांवरून कळायचं.

बाबांना घरी बसायची सवय नव्हती. ते मोठ्याने बोलायचे, साच्यांच्या आवाजात बोलल्यासारखे, आणि शांत खोलीत तो आवाज भांडणासारखा लागायचा. मी अभ्यासाला बसलो की आई त्यांना बाहेर पाठवायची. ते जाऊन क्वार्टरांच्या कोपऱ्यावर उभे राहायचे. तिथून मिलची भिंत दिसायची.

माझा वेग त्या दिवसांत इतका वाढला की मित्राने माझ्याबरोबर घड्याळ लावणं सोडलं. हकिगत वाचायची, खुर्चीवर बसलेला माणूस ओळखायचा, त्याच्या डोळ्यांनी खाली बघायचं. मला त्याचे डोळे लगेच लागायचे.

परीक्षा रविवारी होती, धरमपेठेकडच्या एका कॉलेजात. मिलला रविवारी सुट्टी नसायची, त्यामुळे धाकटा माझ्या आधी निघून गेला होता. जाताना म्हणाला, "साहेब होऊन ये बे." पेपर मला चांगला गेला. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. त्या भागात एका बसकंपनीची हकिगत होती. तोट्यातले रस्ते बंद करायचे की नाही. ड्रायव्हरांच्या घरच्यांचं एक वाक्य होतं. मी पाचव्या खान्यात खूण केली आणि पुढे गेलो. पेन्सिल अडली नाही.

बाहेर आलो तर धाकटा फाटकाशी कोणाची तरी सायकल धरून उभा. हँडलला डबा लटकत होता.

"तू इथे कसा?"

"आज घेतलं नाही."

"तुला?"

"कोनालेच." तो चाकाकडे बघत बोलला. "गेटले साखळी लावली. कागद चिटकवला. लोक म्हने, तुह्या भावाले आन. तो सांगन."

मी पुढे दांड्यावर बसलो, तो चालवत होता. बर्डीवरून जाताना त्याला दम लागला, तरी मला उतरू देईना. गेटपाशी मोठी गर्दी होती आणि गर्दीच्या मानाने आवाज फार कमी. थोड्या अंतरावर पोलिसांची गाडी, त्यातले शिपाई संत्री सोलत बसलेले. बाबा गर्दीत होते. अंगात मिलचा खाकी शर्ट होता. उतरल्यापासून त्यांनी तो घातला नव्हता.

"शिकेल पोट्टा आला," कोणी तरी म्हणालं. "याले वाचू द्या."

कागद मराठीतच होता. पुढच्यांनी तो वाचलाही होता, पण त्यांना वाटत होतं की वाचून जे कळलं त्याहून आणखी काही त्यात असेल. मी मोठ्याने वाचला. पुढील सूचनेपर्यंत काम बंद. कायम कामगारांना सूचना घरच्या पत्त्यावर जाईल. बदली कामगारांना वेगळी सूचना दिली जाणार नाही.

एका म्हाताऱ्याने माझी बाही धरली. त्याच्याही पोराला जागा मिळाली होती. "म्हंजे बदलीवाल्याले इथी गेटवरच सांगन, असं न?"

"नाही, काका. त्यांना सांगणार नाहीत."

"चूप बस," बाबा म्हणाले. मला नाही, कोणाकडेच न बघता. "सुरू होते. दर खेपेले होते."

मी बरोबर होतो. हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही, आणि मीही नाही. घरी येताना मी धाकट्याला एवढंच म्हटलं, "उद्या येऊ नको इथे."

"नियम आहे न," तो म्हणाला. "बदलीवाला गेटवर नाही दिसला त नाव कटते."

"कोण कापणार? गेटला साखळी आहे."

"आन उघडली त? मी नसन, दुसरा जाईन आत. मंग?" त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने त्याचा डबा केला.

तो रोज गेला. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की घाई नाही. तरी तो गेला. पोलिसांची गाडी गेली, कागद उन्हाने पिवळा पडला, हा सकाळी केस विंचरून जायचाच. मला मुलाखतीचं बोलावणं आलं ती सकाळही तशीच होती. पोस्टमन लवकर आला होता. मी पत्र घेऊन आत आलो तेव्हा आई नळावर होती आणि बाबा एकटे बसलेले. मी सांगितलं. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "धाकट्याले जाऊन सांग. तिथेच असन."

मी गेटवर गेलो. बदलीवाले एका रांगेत उभे होते. दारासमोर, साखळीकडे तोंड करून. हजेरी घेणारा बाबू तिथे नव्हता. त्यांच्यातलाच एक थोराड माणूस गेटला पाठ लावून उभा होता आणि एकेकाचा नंबर तोंडपाठ पुकारत होता. नंबर झाला की माणूस 'हजर' म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. मी धाकट्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला नाही.

"थांब," तो म्हणाला. "माहा नंबर येऊ दे."

मी थांबलो. त्याच्या पुढचे तिघेचौघे झाले. मग त्याचा नंबर आला.

"हजर," तो म्हणाला, आणि रांगेतून बाहेर येऊन माझ्याकडे वळला. "हाव, काय म्हनत होता तू?"